वचनाची चाल : पाठांतरामागचा मराठी इतिहास

बायबलचे वचन गाऊन पाठ करायची रीत संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गांच्या, शिक्षकांनी काढलेली नाही. ती बायबलमध्येच आहे. त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देव मोशेला सांगतो की हे गीत लिहून घे, इस्राएल लोकांना शिकव आणि त्यांच्या तोंडी बसव. पुढच्या अध्यायाचा बहुतेक भाग म्हणजे ते गीत. स्तोत्रसंहितेतले ११९वे स्तोत्र १७६ वचनांचे, एवढे लांब. पण मूळ हिब्रूत त्याची मुळाक्षरांच्या क्रमाने २२ कडवी आहेत. दर कडव्यात ८ वचने, आणि आठही त्याच अक्षराने सुरू होतात. म्हणणारा अडखळला तर अक्षरच त्याला पुढे नेते. भाषांतरात ही सोय उरत नाही.

मराठीत तिची भरपाई पहिल्यांदा ओवीने केली. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. बायबलची कथा, सुमारे ११,००० ओव्यांत. आपली जुनी पुराणे सोडून आलेल्या माणसांना ऐकायला, म्हणायला काहीतरी हवे होते, आणि स्टीफन्स यांनी ते त्यांच्याच छंदात दिले. ज्या समाजात बायका अक्षरओळख नसताना जात्यावर ओव्यांमागून ओव्या म्हणत, तिथे याहून चांगली निवड होऊ शकली नसती, असे मला वाटते.

मुंबईची गोष्ट १८१३ पासून सुरू होते. त्या वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी इथे उतरले, आणि १८२६ मध्ये या मिशनने मराठी नवा करार छापला. वचन आता गद्यात, पुस्तकात आणि शाळेत आले. पाठांतरही शाळेतल्यासारखेच, घोकून. उपासनेतली गीते पुष्कळदा इंग्रजीवरून केलेली, चालीही तिकडच्याच. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांत ओढूनताणून बसवावे लागत.

ही ओढाताण प्रामुख्याने अहमदनगरकडच्या माणसांनी संपवली. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. त्यानंतर आले नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईतच ते वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याची भजने दिली. आजही ‘उपासना संगीत’ हे मराठी चर्चमधले गीतपुस्तक उघडले की पानोपानी टिळक भेटतात. टाळ, तबला, पेटी घेऊन भजन करणाऱ्या मंडळ्या ही पदे पुस्तकाशिवाय म्हणतात.

पण इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. स्टीफन्स असोत की टिळक, त्यांनी आशय छंदात आणला. ती पदे म्हणून बायबलचा भाव मनात ठसतो, वचनाचे नेमके शब्द मात्र पाठ होत नाहीत. शब्दाला शब्द ठेवून चाल लावायची आजची पद्धत पुष्कळ अलीकडची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या डेव्हिड आणि डेल गॅरेट यांनी वचने जवळपास जशीच्या तशी गाऊन ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, आणि हा प्रकार इंग्रजी चर्चमधून जगभर गेला. मराठीत तो गिटारच्या चालींसकट येतो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची तीच जुनी ओढाताण परत सुरू होते.

खरे तर मराठी गद्यातच कधीकधी चाल दडलेली असते. २३वे स्तोत्र घ्या : ‘परमेश्वर माझा / मेंढपाळ आहे / मला काही उणे / पडणार नाही’. अक्षरे मोजा, ७, ६, ६, ६. मोठ्या अभंगाची मोजणी ६, ६, ६, ४. एक अक्षर पुढे सरकवले आणि शेवटचा चरण थोडा लांबवला की हे वचन एकही शब्द न बदलता अभंगाच्या चालीत म्हणता येते. योहान ३:१६, म्हणजे ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली की…’ हे वचन, मात्र असे सहज बसत नाही. ‘अशासाठी की’ आले की ठेका मोडतो. तिथे वाक्य तोडून, मधला तुकडा दोनदा घेऊन पुढे जावे लागते.

चाल कशी असावी याबद्दल संशोधनही आहे. वँडा वॉलेस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच सोपी चाल कडव्यामागून कडव्याला पुन्हा आली तेव्हा शब्द जास्त लक्षात राहिले. चाल कानात बसण्याइतकी पुन्हा आलीच नाही, तेव्हा गाण्याचा फायदा झाला नाही. म्हणजे दर रविवारी नव्या वचनाला नवी चाल शोधण्यापेक्षा, मुलांच्या ओठांवर असलेल्या ओवी-अभंगाच्या दोन-तीन चाली वर्षभर वापराव्यात. आणि पुस्तकाचे नाव, अध्याय, वचनाचा आकडा हेही त्याच चालीत सुरुवातीला घ्यावे. नाहीतर वचन तोंडपाठ असते, पण बायबलमध्ये ते शोधायला सांगितले की मुले पाने चाळत बसतात.