चेक बाऊन्स झालाय? आधी तारखा बघा, मग कोर्ट बघा

उसने दिलेले पैसे असोत, फ्लॅटचं डिपॉझिट असो की धंद्यातलं येणं, समोरच्याने दिलेला चेक परत आला की बहुतेक जण "देतो देतो" ऐकत दोन महिने घालवतात आणि तिथेच केस हातातून जाते. चेक बाऊन्स होणं गुन्हा ठरवणारं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चं कलम १३८ तुमच्याच बाजूचं आहे, पण त्यातल्या मुदती कडक आहेत.

चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांत तो बँकेत भरायचा. परत आल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची, स्पीड पोस्टने, आणि पावती जपून ठेवायची. नोटिशीत रक्कम चेकवर आहे तीच मागा, व्याज आणि वकिलाचा खर्च लिहायचाच असेल तर वेगळा लिहा, एकत्र बेरीज करून मोघम आकडा टाकला तर नोटीसच बाद होऊ शकते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात, ते संपले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. १५ दिवस संपायच्या आत घाईने टाकली तरी ती चालत नाही. आणि उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर कृपया राहू नका.

कोर्ट कुठलं हा आपल्याकडे, म्हणजे ठाणे-नवी मुंबईत, खरा घोळ. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. म्हणजे खातं वाशी-नेरुळला तर बेलापूर, नौपाड्याला तर ठाणे, पण खारघर-कामोठ्याला असेल तर पनवेल, कारण ते रायगड जिल्ह्यात येतं, पत्त्यात नवी मुंबई लिहिलं म्हणून बेलापूरला चालत नाही.

कोण टाकू शकतं? ज्याच्या नावाने चेक आहे तो, आणि चेक कायदेशीर देण्यापोटी दिलेला हवा. भेट किंवा देणगी म्हणून दिलेल्या चेकवर ही केस होत नाही. "पैसे नाहीत" एवढंच नाही, खातं बंद केलं किंवा पेमेंट थांबवलं तरी कलम लागू शकतं.

कागदपत्रं: मूळ चेक (हा कुणाच्याही हातात देऊन सोडू नका), बँकेचा रिटर्न मेमो (चेक का परत आला ते लिहिलेली चिठ्ठी), नोटिशीची कॉपी, पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट, पैसे दिल्याचा पुरावा म्हणजे बँक स्टेटमेंट, करार किंवा बिलं, ॲफिडेव्हिट, आधार-पॅन. पैसे रोख दिले असतील तर उलटतपासणीत त्यावर प्रश्न येणारच, कारण २०,००० किंवा जास्तीचं कर्ज रोखीने घ्यायला इन्कम टॅक्सच्या कायद्यात बंदी आहे, म्हणून चॅट, साक्षीदार जे असेल ते जमवा.

शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकारला की कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम (निकालाआधीची) भरपाई द्यायला लावू शकतं, हा अर्ज वकिलाकडे आठवणीने मागा, बरेच जण विसरतात. मुदत हुकलीच असेल तर दिवाणी दावा आहे, साधारण ३ वर्षांच्या आत.

वकिलाची फी परवडत नसेल तर मोफत वकिलासाठी ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० या हेल्पलाईनवरही विचारता येतं.