खोल समुद्रातील शंख-शिंपल्यांची खरी अडचण

खोल समुद्रातल्या कवचांचा विषय निघाला की आधी दाब आठवतो. 2,400 मीटरवर तो पृष्ठभागाच्या सुमारे 240 पट असतो, पण शंखाच्या आतही पाणीच असल्याने दोन्हीकडून दाब सारखा पडतो आणि कवच चेपत नाही. नॉटिलस हा कप्पेदार शंखात राहणारा समुद्री प्राणी मात्र अपवाद. त्याच्या कप्प्यांत वायू असतो, म्हणून 800 मीटरच्या आसपास त्याचं कवच आत ढासळतं.

खरी अडचण रसायनाची. सुमारे 550 मीटरखाली जीवसृष्टी नसावी, असं ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्स यांनी 1840च्या दशकात मांडलं होतं. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाच्या सागरसंशोधन मोहिमेने (1872–76) ते खोडून काढलंच, शिवाय ठरावीक खोलीनंतर गाळात चुन्याची कवचं सापडेनाशी होतात, हेही दाखवलं. थंडी, दाब आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कवचातला चुना, विरघळवतात. त्याची दोन स्फटिकरूपं असतात; त्यातही अ‍ॅरगोनाइट कॅल्साइटच्या आधी जातं.

1977मध्ये गॅलापागोसजवळ तळावरचे उष्ण झरे सापडले, तिथेही शिंपले होतेच. पश्चिम प्रशांत महासागरातल्या मारियाना भागातल्या नॉर्थवेस्ट आइफुकू या ज्वालामुखीवर तर 5.36 इतक्या कमी पीएचच्या, म्हणजे आम्लधर्मी, पाण्यातही शिंपले जगताना आढळले. त्यांना तारतं ते कवचावरचं पातळ सेंद्रिय आवरण. ते फाटलं की खालचा चुना उघडा पडतो आणि तिथूनच झिजू लागतो. किंमतही मोजावी लागते: कवच नेहमीच्या जेमतेम निम्म्या जाडीचं. कवच फोडणारे खेकडे तिथे नाहीत, म्हणून निभावतं.

2001मध्ये हिंदी महासागरातल्या कायरेई झऱ्यांवर खवलेपायी गोगलगाय मिळाली; तिच्या पायावर खवले असतात. तिच्या शंखाला तीन थर: बाहेर लोह सल्फाइडचा (लोह आणि गंधकाचं संयुग) सुमारे 30 मायक्रोमीटरचा, मध्ये 150चा मऊ सेंद्रिय, आत 250चा अ‍ॅरगोनाइटचा. मधला थर आतला चुना आम्लापासून वाचवतो, आणि बाहेरून आलेली चीरही तिथेच जिरते.

‘लोखंडी चिलखत’ हे वर्णन लोकप्रिय आहे, पण जरा जपूनच घ्यावं. हिंदी महासागरातल्याच सॉलिटेअर झऱ्यांवर हीच जात पांढरी असते, लोह सल्फाइडशिवाय, कारण तिथल्या पाण्यात लोह कमी. चाचणीत खवले उलट पांढऱ्यांचेच मजबूत निघाले. 2019च्या अभ्यासानुसार लोह सल्फाइड असलेल्या काळ्या खवल्यांतलं गंधक शरीरातून बारीक नलिकांमधून येतं आणि बाहेरून झिरपलेल्या लोहाला मिळतं. म्हणजे हे खवले बहुधा विषारी गंधकाची विल्हेवाट लावण्याची सोय असावेत.