पंचवीस सेंटिमीटरचं सुख

गाडीची किल्ली पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याला बांधा आणि हलकेच झुलवा. जाऊन परत यायला तिला जवळजवळ एक सेकंद लागेल. आता एखादी जुनी, लांबरुंद, आलिशान सेडान डोळ्यांसमोर आणा. तिचे शॉकअप काढून टाकले आणि बॉडी एकदा दाबून सोडली, तर तीही साधारण याच लयीत वरखाली डुलत राहील.

हा योगायोग नाही. गाडीच्या वजनाखाली स्प्रिंग जेवढी दबते तेवढ्या लांबीचा दोरा घेतला, तर त्या दोऱ्यावरच्या लंबकाची आणि गाडीची लय एकच निघते. दोन्हींचं गणित सारखं आहे. पंचवीस सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला एक हेलकावा देते. अकरा सेंटिमीटर दबली तर दीड, आणि सहाच दबली तर दोन. दोनच्या आसपास कडक स्पोर्ट्स कार असतात. एक ते सव्वाच्या दरम्यान त्या गाड्या, ज्यांच्या मागच्या सीटवर पेपर वाचता येतो.

एकच का, याचं उत्तर आपल्या शरीरात आहे. सेकंदाला चार ते आठ कंपनं ही उभ्या दिशेतल्या हादऱ्यांची पट्टी माणसाला सगळ्यात जास्त छळते. उलट पाच सेकंदांना एक असा संथ हेलकावा बसला की पोटात मळमळायला लागतं. बोट लागते ती यामुळेच. या दोन संकटांच्या मधली वाट म्हणजे हा एक सेकंद. पण मऊ स्प्रिंगला खेळायला जागा लागते. चाकाला वर जायला जागा, खाली यायला जागा, टायरच्या बाजूला चेपायला जागा. आलिशान गाडीत लाकूड आणि चामडं दिसतं, पण खरा खर्च या न दिसणाऱ्या जागेवर झालेला असतो. गाडी म्हातारी होते तेव्हा ही जागा हळूहळू आक्रसते. आणि हौशी मालक गाडी ‘सजवायला’ घेतो तेव्हा बहुतेक वेळा तीच जागा विकून दिमाख विकत घेतो.

आधी म्हातारपणाचं बघू. स्प्रिंगचं पोलाद फारसं मऊ पडत नाही. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने ती थोडी ‘बसते’, म्हणजे उंची घटते, पण तिचा ताठपणा जवळपास तोच राहतो. खरं वय होतं ते रबराचं.

सस्पेन्शनच्या प्रत्येक आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला बुश असतो. बाहेर एक पोलादी नळी, आत एक, आणि मध्ये दोघींना घट्ट चिकटवलेलं रबर. चाक वरखाली होतं तेव्हा इथे काहीच घासत किंवा सरकत नाही. रबर स्वतः पिळ खातं आणि सुटतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता मिळून हे रबर कडक करतात, मग त्याला चिरा पडतात. कडक बुश बारीक कंपनं थेट बॉडीत पाठवतो, आणि फाटलेला बुश चाकाला भलत्या दिशेला डुलू देतो. काही मोठ्या सेडानांच्या पुढच्या आर्ममध्ये तेल भरलेले बुश असतात. ते फुटले की आर्मवर काळा ओघळ दिसतो, आणि वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. पुष्कळदा अशा वेळी बिचाऱ्या ब्रेक डिस्क नाहक बदलल्या जातात.

नवे बुश टाकताना एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थांबायलाच हवं. गाडी लिफ्टवर असते, चाकं खाली लोंबत असतात, आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळले जातात. आतली नळी तिथेच जखडते. मग गाडी जमिनीवर येते, आर्म वर उचलला जातो, आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी स्थिर उभी असतानाही त्याला विश्रांती नाही. राइड विनाकारण कडक लागते आणि वर्षानुवर्षं टिकायचा बुश बघता बघता फाटतो. दोष मात्र ‘डुप्लिकेट मालाला’ मिळतो. उपाय साधा आहे: आधी बोल्ट सैलसर लावायचे, चाकं आपल्या नेहमीच्या उंचीवर आणायची, मगच शेवटचा आवळा द्यायचा. मेकॅनिकला हे एवढं विचारलं तरी माणूस कसा आहे ते कळतं.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश टिकाऊ असतात हे खरं. पण ते पिळ खात नाहीत, नळीवर घसरतात. म्हणून त्यांना ग्रीस लागतं आणि ते सुकलं की करकरतात. शिवाय रबरी बुश जिथे दोन दिशांना वाकणं अपेक्षित आहे, तिथे ते अडून बसतात. रेस ट्रॅकवर जरूर लावा. ज्या गाडीत शांतता हीच मुख्य गोष्ट आहे, तिच्यात माझ्या मते त्यांचं काम नाही.

शॉकअपबद्दल थोडक्यात. नाव शॉकअप असलं तरी धक्का झेलते स्प्रिंग. शॉकअपचं काम तिचं डुलणं थांबवायचं. आतलं तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. अंगावर तेलाचा पातळ थर असणं चालतं, ठिबकणं चालत नाही. बोनेट दाबून ‘किती वेळा उसळते’ ते मोजायची जुनी चाचणी अगदीच गेलेला शॉकअप पकडते, त्यापुढे नाही. कारण हाताने आपण संथ हालचाल देतो, तर खराब रस्त्यावर चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा थडथडत असतं. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. गोलाईत ठिकठिकाणी खळगे लागले, तर चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी नाचतंय असा संशय घ्यायला हरकत नाही.

आता टायर. साधारण साडेचारशे किलो भार आणि ३२ पीएसआय हवा धरली, तर एक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम दोनशे चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे पसरलेल्या पंजाहून थोड्याशाच मोठ्या जागेवर. जुन्या आलिशान गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि मालक निश्चिंत असतो. रबर मात्र उभ्या उभ्याही पिकतं. टायरमध्ये ओझोनपासून वाचवणारं मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना चेपला-सुटला की ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने जागची हलली नाही तर हे संरक्षण अपुरं पडतं आणि बाजूला केसासारख्या चिरा उमटतात. जन्मतारीख बाजूवरच्या लांबोळ्या चौकटीत असते. शेवटचे चार अंक २३१९ असतील, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. तीनच अंक असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. त्यावर चर्चाच नको. काही कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात, आणि टायर कंपन्याही सहसा दहा वर्षांपलीकडे जाऊ नका म्हणतात, नक्षी कितीही कोरी असो.

मोठी रिम बसवायचा मोह इथेच होतो. समजा मूळ टायर २२५/६० आर १६ आहे. २२५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १६ म्हणजे रिमचे इंच. बाजूची उंची आली १३५ मिलिमीटर, पूर्ण व्यास सुमारे ६७६. त्याजागी २४५/४५ आर १८ घातला तर व्यास ६७८, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. सगळं जुळलं असं वाटतं. पण बाजू उरली ११० मिलिमीटर. रिम आणि खड्डा यांच्यामधली अडीच सेंटिमीटर हवा गेली. शिवाय मोठं चाक बहुधा वजनदार होतं, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं. शॉकअपला ते दर खड्ड्यात आवरावं लागतं.

आणखी एक आकडा कुणी बघत नाही. आकारमानापुढचा ९८ म्हणजे एक टायर ७५० किलो पेलतो. ९६ म्हणजे ७१०. दुकानात नवा टायर रुंद दिसतो म्हणून तो जास्त ताकदीचा वाटतो, पण ताकद या आकड्यात असते, रुंदीत नाही. जड सेडानला मूळ आकड्याच्या खाली जाऊ नये.

गाडी खाली बसवणं हा त्याहून मोठा सौदा. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. १३ मिलिमीटरच्या तारेऐवजी १४ची घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग ३४ टक्के कडक होते. डोळ्याला फरक दिसत नाही, कमरेला कळतो. मूळ स्प्रिंगचे वेढे कापणं तर निव्वळ अघोरी: स्प्रिंग ताठ होते, पण चाकाची वर जायची जागा त्याहून जास्त कमी होते, आणि बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटणं रोजचं होऊन बसतं. वर गंमत अशी की पुष्कळ गाड्यांत बॉडी खाली आणली की ती वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू त्याहून जास्त खाली घसरतो. म्हणजे ‘स्थिर’ करायला निघालेली गाडी पुरेशा कडक स्प्रिंगअभावी आणखी कलू शकते.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगची जोडीही विचारपूर्वक ठरवलेली असते. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये आलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जागोजागी वजनं हलवता येतील अशी एक गाडी उभारून हे तपासलं. उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागची लय थोडी जलद ठेवली, तर उशिरा निघालेला मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी मागेपुढे न डोलता सपाट वरखाली होते. फक्त पुढच्या स्प्रिंग कडक करून बघा. नव्वद वर्षांपूर्वी सुटलेलं कोडं परत तुमच्या अंगणात.

हवेच्या सस्पेन्शनवर मात्र माझा जीव आहे. त्यात पोलादी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी फुगा असतो. ओझं वाढलं की आतला दाब वाढतो आणि त्याबरोबर ताठपणाही, त्यामुळे चार माणसं बसोत की एक, लय जवळपास तीच राहते. पोलादी स्प्रिंगला हे जमत नाही. दुखणं पुन्हा रबराचंच: फुगा जिथे दुमडतो तिथे चिरतो. रात्रभरात एक कोपरा खाली बसला, तर दुमडीवर साबणाचं पाणी फवारून बुडबुडे शोधा, आणि लवकर शोधा. कारण गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो. १९५५च्या सित्रोएन डीएसपासूनच्या तेल-वायू सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम करणारा, धातूच्या गोळ्यातला नायट्रोजन पडद्यातून झिरपत जातो आणि गाडी वर्षागणिक कडक होत जाते, इतकी हळू की मालकाला ते रस्त्याचंच दुखणं वाटतं.

यातलं काहीही केलं तरी शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आलंच. टो, म्हणजे वरून बघताना चाक सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, एक अंशाने चुकला तर टायर दर किलोमीटरला सतरा मीटर आडवा घासला जातो. आणि हे मोजायचं कोणत्या उंचीला? बीएमडब्ल्यूच्या अनेक जुन्या सेडानांसाठी सूचना अशी की टाकी भरलेली हवी, पुढच्या दोन्ही सीटांवर आणि मागे मधोमध प्रत्येकी ६८ किलो वजन ठेवावं, डिकीत थोडं सामान असावं. चांगल्या वर्कशॉपात म्हणूनच कधी कधी वाळूच्या गोण्या प्रवाशांसारख्या सीटवर बसलेल्या दिसतात.