घोड्याची ठाणबंद विश्रांती

पायाला इजा झालेल्या घोड्याला मोकळे न सोडता, इजा भरून येईपर्यंत ठाणावरच, म्हणजे तबेल्यातील त्याच्या जागेतच, ठेवून केलेली देखभाल. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) किंवा अस्थिबंध (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) फाटणे, हाडाला तडा जाणे वा ते मोडणे, सांध्यावरची शस्त्रक्रिया आणि खोल जखमा ही त्यामागची मुख्य कारणे होत. मुदत इजेनुसार काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत असते. पूर्ण वाढलेल्या घोड्यासाठी सुमारे ३.६ मी. लांब व तितकेच रुंद ठाण सर्वसाधारणपणे पुरेसे धरतात. नावात विश्रांती असली, तरी तीत पूर्ण बंदीचा काळ थोडा असतो; पुढचा बहुतेक काळ मोजून चालवण्याचा असतो.

लंगडत्या घोड्याला कामावरून उतरवून बांधून ठेवण्याची रीत घोडा माणसाळवण्याइतकीच जुनी असावी, आणि तिचा वेगळा उगम शोधण्यात फारसे हाशील नाही. लिखित परंपरेत विश्रांतीपेक्षा डागणीचीच, म्हणजे दुखऱ्या जागी तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचीच, चर्चा अधिक आढळते. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्ववैद्यकाच्या परंपरेत अग्निकर्माला स्थान आहे. शालिहोत्राचा काळ काही अभ्यासक इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या आसपास मानतात. मात्र हाती असलेल्या संहितांचा मजकूर पुष्कळ नंतरचा दिसतो आणि त्यातला प्राचीन भाग वेगळा काढणे अवघड आहे. उत्तर रोमन काळातील लेखक व्हेजिशियस यानेही जनावरांना डाग देण्याचा पुरस्कार केला आहे. त्याचा काळ इ. स. चौथ्या शतकाची अखेर ते पाचव्या शतकाचा मध्य यांदरम्यान केव्हातरी धरावा लागतो.

डागलेला घोडा पुढे कित्येक महिने कामाला लावता येत नसे. त्यामुळे गुण आला तो डागाने की त्यापायी घडलेल्या सक्तीच्या विश्रांतीने, हा वाद दीर्घकाळ चालला. ब्रिस्टल येथील आय. ए. सिल्व्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डागणीमुळे कंडरा अधिक चांगली भरून येते असे दिसले नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्सने १९९१ मध्ये डागणी व्यावसायिक नीतीला धरून नसल्याचे जाहीर केले. श्रेय विश्रांतीकडे गेले खरे, पण मग विश्रांती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर कंडरेच्या घडणीत आहे. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली आणि मागच्या पायात घोट्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाडे, कंडरा, अस्थिबंध आणि कातडी एवढाच ऐवज. शर्यतीच्या घोड्यांत नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागच्या बाजूला कातडीलगत असणारी आकुंचक कंडरा सर्वाधिक दुखावते, आणि तीही बहुधा पुढच्या पायातली. भरधाव धावताना या कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५° से. पर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत. तिचा रक्तपुरवठा मुळात तुटपुंजा असल्यामुळे ती सावकाश भरते. पहिले काही दिवस रक्तस्राव व दाह असतो. नंतरच्या आठवड्यांत फाटलेली जागा मुख्यतः तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनाने (तंतुमय प्रथिनाने) भरते. त्याचे तंतू बारीक, कमजोर आणि वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यांची जागा पहिल्या प्रकारच्या, ताणाच्या दिशेने रचलेल्या तंतूंनी घ्यायला अनेक महिने लागतात. मध्यम इजेला साधारण ९ ते १२ महिने, तीव्र इजेला त्याहून अधिक काळ लागतो. एवढे करूनही भरलेली कंडरा मूळच्याइतकी लवचीक होत नाही.

जुन्या मताप्रमाणे या सर्व काळात पाय जितका कमी हलेल तितके बरे. दुसऱ्या मताप्रमाणे नवे तंतू ताण मिळाल्याशिवाय योग्य दिशेला लागतच नाहीत. अचल ठेवलेल्या पायात वण घट्ट होतो आणि आसपासच्या ऊतींना चिकटतो. आजचा कल दुसऱ्या मताकडे आहे व तो सयुक्तिक वाटतो. मात्र दाह ओसरेपर्यंतच्या पहिल्या आठवड्यांपुरते जुने मतच लागू आहे. त्यानंतर बागडोर धरून चालवणे सुरू करतात : आरंभी दिवसातून एकदोनदा ५ ते १० मिनिटे, सपाट व टणक जमिनीवर, सरळ रेषेत. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला सुमारे ५ मिनिटांची भर घालतात. दुडकी चाल बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, तीही श्राव्यातीत ध्वनीच्या (अल्ट्रासाउंड) तपासणीत कंडरा भरत असल्याचे दिसले तरच. १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेली ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करतात. ती नव्हती तेव्हा सूज उतरली आणि लंगडणे थांबले की घोडा बरा झाला असे समजत. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी कंडरा भरून येण्याच्या कितीतरी आधी घडतात, आणि पुन्हा इजा होण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

हाडाच्या इजेत हिशेब सरळ असतो. साध्या तड्याला बहुधा दोन ते चार महिने लागतात आणि क्ष-किरण चित्रावरून प्रगती कळते. नळकांड्यासारख्या लांब हाडाला न सरकलेला तडा असेल, तर घोडा बसता-उठता हाड दुभंगण्याची भीती असते. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी दोर लावून काही आठवडे उभाच ठेवतात. अशा वेळी डोके खाली नेता येईल इतकी ढील ठेवावी लागते. डोके सतत उंच राहिले, तर श्वासनलिकेतील स्राव बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा व फुप्फुसावरणाचा दाह उद्भवू शकतो. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. ती दीर्घकाळ न मिळाल्यास तो उभ्या जागी कोसळतो.

ठाणबंद घोड्याला सर्वांत मोठा धोका दुखऱ्या पायापेक्षा त्याच्या जोडीच्या पायाला असतो. खुराच्या भिंतीला आतील हाडाशी जोडणाऱ्या पापुद्र्यांचा दाह (लॅमिनायटिस) तिथे होतो. जोडणी सुटली की हाड खुरात फिरते किंवा खाली बसते. याचे कारण पूर्वी केवळ जादा वजन असे सांगत. पशुवैद्यक संशोधक अँड्र्यू व्हॅन एप्स व इतरांच्या संशोधनातून वेगळे चित्र पुढे आले आहे. पापुद्र्यांतील रक्ताभिसरण खुरावर वजन आळीपाळीने पडण्या-उतरण्यावर अवलंबून असते. निरोगी घोडा उभा असतानाही सतत पाय पालटतो. एक पाय दुखत असला की त्याला ते जमत नाही, चांगला पाय जमिनीला खिळून राहतो आणि पापुद्र्यांना रक्त कमी पडते. वजनाचा सिद्धांत यामुळे बाद होत नाही, पण दुखणे वेळीच आटोक्यात ठेवून घोड्याला पाय पालटायला लावणे का महत्त्वाचे, हे नव्या मतावरून अधिक चांगले उलगडते.

बार्बारो या अमेरिकेतील शर्यतीच्या घोड्याचे उदाहरण सुपरिचित आहे. २००६ ची केंटकी डर्बी जिंकल्यावर त्याच वर्षी २० मे रोजी प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात शल्यविशारद डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी व स्क्रू बसवून हाड जोडले. जुलैत डाव्या मागच्या खुराला लॅमिनायटिस झाला. तो पुढे पुढच्या दोन्ही पायांतही दिसू लागला, आणि २९ जानेवारी २००७ रोजी घोड्याला दयामरण द्यावे लागले. तोवर मोडलेला पाय बऱ्याच अंशी जुळून आला होता.

म्हणून रोजच्या पाहणीत चांगला पाय आधी पाहावा. अनुभवी मोतद्दार पट्टी सोडण्यापूर्वीच खुरावर तळहात टेकून ऊब पाहतो आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे बोटांनी नाडी चाचपतो. नाडी ठणकती लागली, तर पशुवैद्य बोलावायला उद्याची वाट पाहत नाहीत. पट्टी दोन्ही पायांना बांधतात. आत कापसाचा जाड थर, वर सर्वत्र सारखा ताण. एकाच वेढ्यात ताण जास्त पडला, तर तेवढ्या जागी निरोगी कंडराही दुखावते. हालचाल थांबल्याने संध्याकाळपर्यंत चारही पाय सुजणे ही वेगळी व बहुधा निरुपद्रवी गोष्ट असून चालवल्यावर ती सूज ओसरते. एकाच पायाची गरम सूज मात्र तशी समजू नये. पेंढा वा भुसा जाड व कोरडा हवा, कारण ओलीत खुराचा तळवा कुजतो. फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक सर्रास वापरतात. मात्रा वाढली तर जठरात व मोठ्या आतड्यात व्रण पडतात, आणि वेदना पार नाहीशी झालेला घोडा दुखऱ्या पायावर वाजवीपेक्षा जास्त भार टाकतो.

दाणा पहिल्याच दिवशी तोडतात किंवा अगदी थोडा ठेवतात. खुराक तसाच ठेवून बांधलेला घोडा कामाला जुंपला की त्याचे स्नायू ताठरतात व लघवी काळपट होते. हा विकार जुना आणि ओळखीचा आहे. वैरण मात्र तोडू नये : रोज शरीरभाराच्या १.५ ते २ टक्के कोरडी वैरण, लहान भोकांच्या जाळीतून, म्हणजे ती पुरते. हिरव्या गवतात सुमारे ८० टक्के पाणी असते, वाळल्या गवतात जेमतेम १० ते १५ टक्के. त्यातच हालचाल थांबल्याने मोठ्या आतड्याची गती मंदावते. परिणामी ठाणावर बांधल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आतड्यात लीद अडकून पोटशूळ होण्याची शक्यता वाढते. वैरण भिजवून देणे आणि दिवसभरातल्या लिदीचे ढीग मोजणे हे यावरचे साधे उपाय आहेत.

कोंडलेपणामुळे लाकूड चावून वारा गिळणे, जागच्या जागी झुलणे, ठाणात फेऱ्या मारणे अशा सवयी जडतात. दुसरा घोडा दिसेल अशी जागा, दिवसातून अनेकदा थोडी थोडी वैरण आणि खरारा यांचा उपयोग होतो.

मोकळे सोडणे हा सर्वांत जोखमीचा टप्पा असून तो बहुधा दौडीच्या टप्प्यानंतर ठेवतात. महिनोन्‌महिने कोंडलेला घोडा कुरण दिसताच उधळतो आणि एका उडीत भरलेली कंडरा पुन्हा फाटू शकते. म्हणून आरंभी लहान आवार आणि सौम्य शामक औषध, बहुतेक वेळा असिप्रोमाझीन, वापरतात. खच्ची न केलेल्या घोड्यांत या औषधाने क्वचित शिश्न लुळे पडून बाहेरच राहते. त्यांच्या बाबतीत पशुवैद्य ते सहसा टाळतात. शर्यतीला परतलेल्या घोड्यांत पुन्हा होणारी इजा त्याच पायात होते किंवा जोडीच्या पायात, म्हणून श्राव्यातीत तपासणी दोन्ही पायांची करतात.