बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी (गेम कन्सोल)

नव्या पिढीच्या कन्सोलवर आधीच्या पिढीचे गेम चालण्याची सोय. तिला ‘मागील सुसंगतता’ म्हणता येईल, पण खेळणाऱ्यांच्या तोंडी इंग्रजी शब्दच रुळला आहे. ही सोय राखावी की जुने सोडून मोकळेपणी नवे काही करावे, हा पेच नवा कन्सोल आखताना दर वेळी उभा राहतो.

कन्सोलचे गेम त्या यंत्रातल्या विशिष्ट प्रोसेसरसाठी आणि ग्राफिक्स चिपसाठी लिहिलेले असतात. चिप बदलली की ते चालेनासे होतात. सरळ उपाय म्हणजे जुनी चिप नव्या यंत्रात बसवणे; तिला एरवीही कामाला लावणे ही त्यातली हुशारी. प्लेस्टेशन २ (२०००) मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर होता. एरवी तो कंट्रोलर, मेमरी कार्ड यांचा व्यवहार सांभाळायचा; जुनी डिस्क घातली की पुन्हा मुख्य प्रोसेसर व्हायचा. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्येही (१९८८) आवाजाच्या कामाला असलेला झेड८० हा सेगाच्याच आधीच्या कन्सोलचा, मास्टर सिस्टिमचा, प्रोसेसर. प्लेस्टेशन ३ च्या पहिल्या यंत्रांत (२००६) प्लेस्टेशन २ च्या चिप होत्या, पण त्या केवळ जुन्या गेमपुरत्या. खर्चाला कात्री लागली तेव्हा आधी त्याच गेल्या.

दुसरा मार्ग इम्युलेशनचा, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल सॉफ्टवेअरने करण्याचा. एक्सबॉक्स वन (२०१३) ही सोय नसताना बाजारात आला आणि २०१५ मध्ये त्यावर एक्सबॉक्स ३६० चे निवडक गेम चालू लागले.

सुसंगततेने खप वाढतोच असे नाही. निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर (२०१२) आधीच्या वीचे गेम चालत, तरी तो जेमतेम १.३६ कोटी विकला गेला. त्यानंतर आलेल्या स्विचने (२०१७) वी यूच्या डिस्कना जागाच ठेवली नाही आणि १५ कोटींचा टप्पा ओलांडला. यावरून नावीन्याचा विजय जाहीर करणे घाईचे आहे, कारण दुखावले जातील असे वी यूचे ग्राहकच थोडे होते. स्विच २ (२०२५) च्या वेळी मागे कोट्यवधी लोकांचा गेमसंग्रह होता. तेव्हा निन्टेन्डोने जुनी चिप न घालताही बहुतेक जुने गेम चालते ठेवले. कन्सोल आत बसवून डोळ्यांसमोर धरायच्या पुठ्ठ्याच्या लॅबो व्हीआर संचाला मात्र सॉफ्टवेअरचा उपयोग नव्हता: त्याची खाच जुन्या स्विचच्या मापाची, नवा कन्सोल तिच्यात मावतच नाही.