मेमोरियल डे प्रवचन

मेमोरियल डे प्रवचन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मरण केले जाते. त्याच्या आदल्या रविवारी अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत, विशेषतः प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, पाळक जो उपदेश करतात तो या नावाने ओळखता येईल. आपण निर्धास्तपणे उपासनेला जमू शकतो ते कोणीतरी प्राण वेचले म्हणून, हा त्याचा गाभा. उपकारस्तुती देवाची, आणि तिच्याच जोडीने सैनिकांचीही.

चर्चच्या उपासना-वर्षात या दिवसाला मुळीच स्थान नाही. उलट कधीकधी पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण नेमका याच रविवारी येतो (2023 मध्ये 28 मे रोजी आला होता) आणि पवित्र आत्म्यावर बोलावे की सैनिकांवर, असा पेच पाळकापुढे उभा राहतो. दुसरा घोटाळा नेहमीचा आहे. हयात माजी सैनिकांचा सन्मान 11 नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेला करायचा असतो. तरी मेमध्येच त्यांना उभे करून टाळ्या वाजवल्या जातात.

या दिवसाचे मूळ अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात आहे. उत्तरेकडील माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी 30 मे 1868 रोजी सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहावीत, असा आदेश काढला. पण त्याआधीची एक घटना अधिक बोलकी आहे. दक्षिणेतल्या चार्ल्स्टन शहरात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दक्षिणेच्या सैन्याने युद्धकैद्यांची छावणी केली होती. तिथे मरण पावलेल्या उत्तरेच्या 257 सैनिकांना घाईने पुरले होते. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी ते देह नीट पुन्हा पुरले, भोवती कुंपण घातले आणि 1 मे 1865 रोजी सुमारे दहा हजारांची मिरवणूक काढली. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी बायबलमधील उतारे वाचले. त्यांच्या कृतज्ञतेला स्पष्टीकरण लागत नव्हते. या मृतांमुळे आपल्या बेड्या तुटल्या, हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

धर्मस्वातंत्र्य आणि सैनिकाचे बलिदान यांची सांगड मात्र इतकी सरळ नाही. वसाहतकाळी व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे राजमान्य चर्च होते. त्याबाहेरच्या बॅप्टिस्ट पंथाच्या, परवाना न घेता उपदेश करणाऱ्या पाळकांना तुरुंगात टाकले जाई. स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर 1775 मध्ये बॅप्टिस्टांनी अर्ज केला की, फौजेतल्या आमच्या माणसांना आमच्याच पाळकांनी उपदेश करावा. आणि तो मान्य झाला. म्हणजे ज्या राज्यात कालपर्यंत हे पाळक गुन्हेगार ठरत होते, त्याच राज्याच्या लष्करी छावणीत त्यांना दार उघडले. पुढे थॉमस जेफर्सन यांनी लिहिलेला व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1786 मध्ये जेम्स मॅडिसन यांच्या खटपटीने मंजूर झाला, आणि 1791 मध्ये देशभर धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती अमलात आली. यात सैनिकांचा वाटा आहेच. पण अर्ज लिहिणाऱ्यांचा आणि तुरुंगात बसलेल्यांचाही आहे, आणि तो रविवारच्या उपदेशात क्वचितच ऐकू येतो.

प्रवचनांत वारंवार येणारी कथा चार चॅप्लेनांची, म्हणजे सैन्यातील धर्मगुरूंची आहे. 3 फेब्रुवारी 1943 रोजी ग्रीनलंडजवळ ‘डॉर्चेस्टर’ या सैनिकवाहू जहाजावर जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो आदळला. जहाजावर सुमारे 900 जण होते, 230 वाचले. मेथॉडिस्ट जॉर्ज फॉक्स, ज्यू रब्बी अलेक्झांडर गुड, रिफॉर्म्ड चर्चचे क्लार्क पोलिंग आणि कॅथलिक जॉन वॉशिंग्टन या चौघांनी आपली लाइफ जॅकेटे इतरांना दिली आणि ते जहाजासोबत बुडाले. 1948 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. चार परंपरांची माणसे एका डेकवर प्रार्थना करीत उभी, हे चित्र धर्मस्वातंत्र्य आणि बलिदान दोन्ही एकदम दाखवते. पाळकांना ते प्रिय असणे साहजिकच.

जहाज बुडाले त्याच 1943 साली, युद्ध चालू असतानाच, 14 जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बार्नेट खटल्यात निकाल दिला की शाळकरी मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही. खटला ‘यहोवाचे साक्षीदार’ या, ध्वजवंदन श्रद्धेविरुद्ध मानणाऱ्या पंथाच्या लोकांनी लढवला होता. झेंड्यासाठी लढणारे आणि झेंड्याला वंदन करायला नकार देणारे, दोघांचीही नोंद धर्मस्वातंत्र्याच्या एकाच पानावर आहे.

या प्रवचनाला विरोध चर्चच्या आतूनच होतो. प्रवचनात हमखास वाचले जाणारे वचन म्हणजे योहान 15:13, मित्रांकरता प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही. टीकाकार पाळक म्हणतात की, ते येशू स्वतःच्या मरणाकडे निर्देश करून बोलला. रणांगणाशी ते जोडल्याने क्रूसाचा अर्थ पातळ होतो. व्यासपीठाशेजारी राष्ट्रध्वज असावा की नाही, हा वाद याचाच भाग आहे. दुसरी बाजू म्हणते, ज्या मंडळीत लेक गमावलेली आई पहिल्या बाकावर बसली आहे, तिथे गप्प राहणे हाही उपदेशच झाला. हा मुद्दा सहज उडवून लावता येत नाही.

मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रेदरन या शांतिवादी मंडळ्यांचा प्रश्न निराळाच आहे. शस्त्र न धरणे हाच त्यांच्या श्रद्धेचा भाग. 1940 च्या सैन्यभरती कायद्याने त्यांना लढण्यातून सूट दिली, आणि दुसऱ्या महायुद्धात सुमारे बारा हजार तरुणांनी जंगलांत, शेतीकामावर आणि मनोरुग्णालयांत सरकारी पगाराविना नागरी सेवा केली. छावण्यांचा मोठा खर्च त्यांच्या मंडळ्यांनीच उचलला.