एका दाताची चूक

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले क्रँक आणि कॅम हे दोन दांडे जोडणारा दातेरी पट्टा, बदलून आणला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, पण आयडलला थरथरते, पिकअप गेलाय, चढाला दुसरा गिअर टाकावा लागतो आणि इंजिनचा दिवा पेटलाय. कोड वाचला तर बऱ्याचदा पी००१६ निघतो, म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडतो तो) यांच्या सेन्सरचं गणित जुळत नाही. अशा वेळी इंजेक्टर किंवा सेन्सर बदलत बसण्याआधी बेल्टचं वरचं कव्हर उघडावं.

क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात असतात. समजा, क्रँकला २० आणि कॅमला ४० दात आहेत. मग बेल्ट एक दात चुकला की कॅम ९ अंशांनी सरकतो, आणि क्रँकच्या हिशेबात ती चूक १८ अंशांची होते. कॅम मागे पडला तर इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. तोवर पिस्टन वर निघालेला असतो आणि नुकतीच आत घेतलेली हवा तो मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा येण्याच्या नळीत, परत ढकलतो. म्हणून अशा इंजिनात कॉम्प्रेशन (दाबलेल्या हवेचा दाब) सगळ्याच सिलिंडरांत सारखं कमी भरतं. एखाद्याच सिलिंडरात ते पडलं असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. तिथे शून्य आलं, तर बहुधा व्हॉल्व्ह वाकलाय. ज्या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, तिथे दोन-तीन दातांची चूकही महागात पडू शकते. त्यामुळे शंका असेल तर पुन्हा सेल्फ मारू नये.

दुरुस्ती थंड इंजिनावर करावी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, सगळे स्पार्क प्लग काढावेत. मग कॉम्प्रेशनचा दाब राहत नाही आणि क्रँक पान्याने अलगद फिरतो. तो इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवून एक नंबरचा पिस्टन सर्वांत वर, म्हणजे टीडीसीवर, आणावा. प्लगच्या भोकातून लांब प्लास्टिकची स्ट्रॉ सोडली की पिस्टन चढताना दिसतो. इथे दोन सापळे आहेत. पहिला बाहेरच्या क्रँक पुलीचा. तिच्या आतला रबर सुटला की बाहेरची कडा सरकते आणि तिच्यावरची खूण खोटी ठरते. म्हणून आतल्या दातेरी पुलीची खूण इंजिनच्या अंगावरच्या खुणेशी जुळवावी. दुसरा सापळा खुणांच्या गर्दीचा. १९९८ ते २००३ मधल्या होंडा सिटीच्या क्रँक पुलीवर पांढरी खूण टीडीसीची, तर लाल खूण स्पार्कच्या टायमिंगची असते. लाल खुणेवर बेल्ट चढवला की चूक पक्की. शिवाय हे इंजिन पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. हात सवयीने नेमका दुसरीकडे जातो.

क्रँकची खूण बसली आणि कॅमची एक दात बाजूला दिसली, तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) ढिला करून बेल्ट कॅमवरून उतरवावा आणि कॅम हलकेच खुणेवर आणावा. शाफ्टवर षटकोनी जागा दिली असेल तर पाना तिथेच लावावा, पुलीच्या बोल्टवर नाही. कॅम बराच फिरवायचा असला तर चार सिलिंडरच्या इंजिनात बेल्ट काढून क्रँक पाव फेरी मागे घ्यावा. चारही पिस्टन मध्यावर येतात आणि व्हॉल्व्हना जागा मिळते. कॅम जागेवर बसला की क्रँक पुन्हा टीडीसीवर.

खरी मेख बेल्ट चढवताना आहे. आधी क्रँक, मग ताणाच्या (टेन्शनर नसलेल्या) बाजूने वर कॅमपर्यंत बेल्ट ओढून घट्ट, आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला. ढील ताणाच्या बाजूला राहिली, तर क्रँक फिरताना आधी ती ओढली जाते, मगच कॅम हलतो. मघाशी दिसलेला दात बहुतेक वेळा इथेच हरवलेला असतो. बेल्ट पान्याने किंवा पेचकसाने उचकटून चढवू नये, आणि मुठीत दुमडून तर नाहीच. आतले काचतंतू तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही. टेन्शनरचा काटा खाचेत आणून बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळावा.

आता क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवावा. मध्येच कडक अडला तर जोर लावू नये, पिस्टन व्हॉल्व्हला टेकलाय असं समजून थांबावं. दोन फेऱ्यांनी पुलींच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. नव्या बेल्टवर छापलेल्या रेषा मात्र जुळणार नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. १०१ दातांचा बेल्ट धरा. दोन फेऱ्यांत तो ४० दात पुढे जातो, त्यामुळे त्या रेषा पुन्हा जागेवर यायला क्रँकच्या २०२ फेऱ्या लागतात. हे न कळल्याने नीट बसलेला बेल्ट पुन्हा उतरवला जातो आणि दुसऱ्यांदा चुकतो.

कॅमवरून चालणारा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीने वीज वाटणारा भाग) असेल तर तोही कॅमबरोबर हललेला असतो. स्पार्कचं टायमिंग टायमिंग लाइटने (स्पार्कबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) पुन्हा तपासावं. आणि खुणा जुळूनही लक्षणं तशीच राहिली, तर क्रँकच्या पुलीची चावी (पुली शाफ्टवर पक्की धरणारा खाचेतला लहान तुकडा) काढून पाहावी. बोल्ट ढिला राहून खाच रुंद झाली असेल, तर खूण जागेवर दिसते आणि क्रँक नसतो.